गिनीचे नाणे आणि फ्रान्सची हमी

माली, बुर्किना फासो आणि नायजर या तीन देशांतून फ्रान्सच्या पलटणी २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत निघून गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये सेनेगलमधील अखेरचा फ्रेंच लष्करी तळही त्या देशाच्या हवाली झाला, तेव्हा एका जुन्या साम्राज्याचा शेवटचा अध्याय मिटला असे मानण्याकडे पुष्कळ विचारी माणसांचाही कल झाला. मला तसे वाटत नाही. तळ उठले हे खरे, निशाणे उतरली हेही खरे. परंतु या चारही देशांच्या बाजारपेठांत आजही जो सीएफए फ्रँक चालतो, त्याचा भाव एका युरोस ६५५.९५७ फ्रँक असा बांधलेला असून तो फ्रेंच खजिन्याच्या हमीवर उभा आहे, आणि ज्याच्या हमीवर एखाद्या देशाचे नाणे चालते त्याचा शब्द त्या देशाच्या बाजारात, शेतात आणि सरकारी दप्तरात सैन्याच्या पाठोपाठ नाहीसा होत नाही.

नाशिक जिल्ह्यातील वाचकांस हा प्रश्न दूरचा वाटू नये. होळकरांच्या अंमलात चांदवडच्या टांकसाळीत रुपया पडत असे. इंग्रजी अंमल बसल्यानंतर थोड्याच वर्षांत ती टांकसाळ बंद झाली. पुढे कित्येक दशके या देशाचे कागदी चलन आणि टपालाची तिकिटे सातासमुद्रापलीकडून येत राहिली, नोटा बँक ऑफ इंग्लंडच्या छापखान्यातून आणि तिकिटे लंडनच्या द ला रू कंपनीकडून. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, १९२८ मध्ये त्याच्या शेजारी करन्सी नोट प्रेस निघाला, आणि पाच रुपयांची पहिली नोट या मातीत छापली गेली. ही घटना अभिमानाचीच होय. पण त्या नोटेवर मुद्रा पंचम जॉर्जची होती, आणि तिचा भाव काय असावा हे नाशिकने, मुंबईने किंवा दिल्लीनेही ठरवले नव्हते. हिल्टन यंग कमिशनच्या शिफारशीवरून १९२७ साली रुपयाची हुंडणावळ अठरा पेन्सवर कायम करण्यात आली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्या कमिशनमध्ये भिन्नमतपत्रिका जोडून सोळा पेन्सांचा आग्रह धरला, कारण रुपया महाग राहिला म्हणजे कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती कमी रुपये पडतात आणि मँचेस्टरचे कापड मात्र स्वस्तात उतरते, हे मुंबईच्या व्यापाऱ्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्याआधीच, १९२३ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात सरकारच्या हाती चलनाची मोकळी मुखत्यारी ठेवणाऱ्या पद्धतीची कठोर चिकित्सा केली होती, आणि पुढे याच कमिशनपुढे साक्षही दिली होती. छापखाना आपल्या अंगणात आला म्हणून चलनावरील सत्ता आपल्या हाती येत नाही, हे नाशिकरोडच्या इतिहासाइतके स्वच्छपणे अन्यत्र क्वचितच दिसेल.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून गिनीकडे पाहावे. २५ ऑगस्ट १९५८ रोजी जनरल द गॉल कोनाक्रीस आले, तेव्हा गिनीचे नेते सेकू तूरे यांनी त्यांच्या समक्ष सांगितले की आपल्या देशाला दास्यातील वैभवापेक्षा स्वातंत्र्यातील दारिद्र्य पत्करेल. २८ सप्टेंबरला सार्वमत झाले. फ्रान्सच्या आफ्रिकेतील इतर सर्व वसाहतींनी नव्या फ्रेंच समुदायात राहण्यास होकार दिला असता एकट्या गिनीने शेकडा पंचाण्णवांहून अधिक मतांनी नकार दिला, आणि २ ऑक्टोबरला तो देश स्वतंत्र झाला. वास्तविक मत मागणाऱ्याने मत मान्य करावयाचे असते. फ्रान्सने त्याऐवजी दंड केला: अधिकारी, शिक्षक, तंत्रज्ञ आठवड्यांच्या आत परत बोलावले, साहाय्य तोडले, आणि नव्या राज्याला कारभाराची घडी बसवण्यास लागणारा अवधीही दिला नाही. गिनीने १ मार्च १९६० रोजी सीएफए फ्रँकचा त्याग करून स्वतःचे चलन काढले, तेव्हा त्याच्या खोट्या नोटा छापून त्या देशात सोडण्याचा उद्योग फ्रेंच गुप्तहेर खात्याने केला. हा केवळ विरोधकांचा आरोप नव्हे. त्या खात्यातील वरिष्ठ अधिकारी मोरिस रोबेर यांनीच कित्येक वर्षांनी आपल्या आठवणींत त्याची वाच्यता केली आहे.

ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसे नोटेच्या जलचिन्हावर, शाईवर आणि क्रमांकावर डोळे शिणवीत आली, त्या गावाने या कृत्याचे स्वरूप नीट ओळखले पाहिजे. जेमतेम दीड वर्ष वयाच्या राज्याची नोट खोटी करणे म्हणजे त्या राज्याने आपल्या प्रजेला दिलेले पहिले वचनच खोटे पाडणे होय.

याच्या शेजारी आपल्याकडील एक गोष्ट ठेवतो. १९४८ साली, फाळणीच्या जखमा वाहत असताना, पाकिस्तानपाशी स्वतःचा नोटांचा छापखाना नव्हता, आणि त्या देशाच्या पहिल्या नोटा पाकिस्तान सरकारचे नाव इंग्रजीत आणि उर्दूत छापून नाशिकरोडहूनच गेल्या. रोख शिलकेतील पंचावन्न कोटींवरून या देशात केवढा क्षोभ झाला हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नाही. तरीही जानेवारी १९४८ मध्ये ती रक्कम देण्याचा निर्णय झाला. त्या काळी भारतापाशी संपत्ती थोडी होती आणि संतापाची कारणे अमाप होती. फ्रान्सची स्थिती दोन्ही बाबतींत नेमकी उलट होती.

यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे, की सेकू तूरेंच्या गिनीने स्वतंत्र चलन घेऊन काय मिळवले? देश दरिद्री राहिला, कँप बुआरोच्या तुरुंगात हजारो माणसे खितपत पडली, आणि आफ्रिकी ऐक्य संघटनेचे पहिले महासचिव दियालो तेली यांनीही १९७७ मध्ये तेथेच प्राण सोडला. उलट फ्रँकच्या छत्राखालील देशांत महागाई आटोक्यात राहिली. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तूरेंचे अत्याचार तूरेंच्याच माथी आहेत; मात्र पॅरिसच्या कारस्थानांनी त्यांना एक खराखुरा शत्रू पुरवला, आणि पुढे प्रत्येक विरोधकाला त्या शत्रूचा हस्तक ठरवणे त्यांना सोपे गेले. राहिला स्थैर्याचा मुद्दा. जानेवारी १९९४ मध्ये डाकार येथे, फ्रान्स आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या आग्रहाने, सीएफए फ्रँकचे मोल एकदम निम्म्यावर आणण्यात आले. एका फ्रेंच फ्रँकला पन्नास पडत ते शंभर पडू लागले, आणि आयात तांदूळ व औषधे यांच्या किमती गरिबाच्या आवाक्याबाहेर गेल्या. आपल्याकडेही ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, त्यामागेही परकीय दडपण होते. पण निर्णय दिल्लीत झाला, त्याचा जाब लोकसभेत विचारला गेला, आणि १९६७ च्या निवडणुकीत मतदाराने त्याचीही किंमत वसूल केली. डाकारच्या बाजारातील बाईने पॅरिसच्या अर्थखात्याला जाब कोठे विचारावयाचा होता?

डिसेंबर २०१९ मध्ये आबिजान येथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ आणि आयव्हरी कोस्टचे राष्ट्राध्यक्ष वातारा यांनी सुधारणा जाहीर केली. तिच्या अन्वये पश्चिम आफ्रिकेतील आठ देशांनी आपल्या गंगाजळीचा निम्मा भाग फ्रेंच खजिन्यात ठेवण्याचे बंधन सुटावयाचे होते आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेच्या कारभारी मंडळातून फ्रेंच प्रतिनिधी उठावयाचे होते. पाऊल योग्य दिशेचे होते, ते मी नाकारीत नाही. तथापि बांधलेला भाव तसाच ठेवला गेला, हमीही तशीच ठेवली गेली, आणि ‘इको’ हे नवे नाव धारण करणारे चलन अजून कोणाच्या खिशात आलेले नाही. आपल्याला नाशिकरोडचा धडा ठाऊक आहे. म्हणून या नोटा मध्य फ्रान्समधील शामालिएर येथे छापल्या जातात याहून त्यांचा भाव कोण बदलू शकतो हा प्रश्न मला मोठा वाटतो.

आज धोका पुन्हा तोच आहे. जुलै २०२३ मध्ये नायजरच्या लष्कराने लोकनियुक्त अध्यक्ष बाझूम यांना पदच्युत करून कैदेत टाकले, तो गुन्हा होता आणि त्याचा धिक्कार झालाच पाहिजे. परंतु फ्रान्सने विकास-साहाय्य थांबवले त्याचा भार जनरलांवर न पडता सामान्य प्रजेवर पडला, आणि रिकाम्या जागेत रशियाची भाडोत्री माणसे आली. उद्या हे देश सीएफए फ्रँक सोडू म्हणाले, तर पॅरिस त्यांना १९५८ ची वागणूक देणार काय? सेनेगलमधील थियारोय येथे १९४४ साली फ्रेंच सैन्याने आपल्याच आफ्रिकी शिपायांची जी कत्तल केली, तिला कत्तल म्हणण्याचे धैर्य मॅक्राँ यांनी २०२४ मध्ये दाखवले. तेच धैर्य गिनीच्या प्रकरणी दाखवून गुप्तहेर खात्याची त्या काळची सर्व कागदपत्रे अभ्यासकांस खुली करावीत. आणि फ्रँक सोडू इच्छिणाऱ्या देशास मुदत, गंगाजळीचा चोख हिशेब व लागेल ती तांत्रिक मदत देण्याचे लेखी वचन आजच द्यावे. आफ्रिकी संघाला २०२३ मध्ये दिल्लीतच जी-२० चे स्थायी सदस्यत्व मिळवून देणाऱ्या भारताने ही मागणी उघडपणे मांडावी. फ्रान्सचे गिनीशी राजनैतिक संबंध पुन्हा जुळण्यास १९७५ साल उजाडावे लागले, आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने कोनाक्रीस भेट दिली ती डिसेंबर १९७८ मध्ये, सार्वमतानंतर वीस वर्षांनी. नायजर, माली आणि बुर्किना फासो यांच्या बाबतीत आणखी वीस वर्षे दवडण्याचा अधिकार पॅरिसला कोणी दिलेला नाही.