ट्राउटचं चिलट आणि झाईचा जवळा

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

ओळखीतल्या तीन-चार आयटीवाल्यांना फ्लाय बांधायचं वेड लागलंय. मलाही आहे, त्यामुळे छंदाला नावं ठेवणार नाही. भांडण वेगळंच आहे. हे लोक परदेशी व्हिडिओ बघून हिवाळी ट्राउटसाठीची 'मिज' बांधतात, म्हणजे चिलटाएवढी नकली माशी, आणि विकांताला बोर्डीच्या पुढे झाईला जाऊन तीच समुद्रात टाकतात. संध्याकाळी निष्कर्ष तयार: "इथे काही मिळत नाही राव!"

अरे, पण मिज एवढी बारीक का, हे कोणी विचारलंय का? थंड प्रदेशातल्या नद्यांवर हिवाळ्यात बाकीचे किडे जवळजवळ गायब होतात. ही न चावणारी चिलटं मात्र बाराही महिने पाण्यातून बाहेर पडत असतात. पाणी गार, त्यामुळे ट्राउटही सुस्त. तो भक्ष्यामागे धावत नाही, तोंडापुढे येईल ते टिपतो. पाणी नितळ असल्याने त्याला तेवढंसं चिलटही दिसतं. म्हणून २० किंवा २२ नंबरचा गळ (नंबर मोठा तितका गळ लहान), त्यावर दोऱ्याचे चार वेढे आणि बारीक तारेची एक वळी. संपलं! यातली प्रत्येक गोष्ट त्या नदीकडे बघून ठरलेली आहे.

आणि गंमत ऐका. ही माशी घेऊन हिवाळ्यात हिमाचलात जाल, तरी उपयोग नाही. ट्राउटचा विणीचा काळ म्हणून तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटच्या मासेमारीला बंदीच असते.

आता झाई. तलासरी तालुक्याचं टोक, पलीकडे गुजरात. भरती-ओहोटीचा जोर एवढा की तळचा गाळ सतत ढवळला जातो आणि पाणी गढूळ. त्यात तुमचं अर्ध्या तांदळाएवढं चिलट कोणाला दिसणार? दिसलं आणि चुकून एखादा रावस लागलाच, तर तो नाजूक गळ सरळ करून जाईल. इकडचा मासा खातो जवळा, कोळंबी, छोटी मासळी. मग जवळाच बांधा ना! इंच-दीड इंचाचा, अर्धवट पारदर्शक, काळे डोळे ठळक, गळ जाड आणि न गंजणारा.

आपल्या धंद्यात याला रिक्वायरमेंट न वाचता दुसऱ्याचा कोड चिकटवणं म्हणतात. तो कंपाइल होतो, चालत मात्र नाही. आणि चालला नाही की आपण सर्व्हरला शिव्या घालतो.

मला खरा राग याचाच आहे. किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेल्या मांगेला तांडेलाला उधाण कधी, भांग कधी, जवळा कुठल्या पाण्यावर येतो हे सगळं पाठ असतं. त्याच्या शेजारून आपण हजारोंची रॉड मिरवत जातो आणि त्याला एक प्रश्न विचारत नाही. का? तो इंग्रजीत बोलत नाही म्हणून? त्याच्या ज्ञानाचा व्हिडिओ नाही म्हणून?

समोरचा मासा आज काय खातोय ते बघून बांधा, हा फ्लायवाल्यांचा पहिला नियम आहे. तो पाळायचा तर आधी पाण्याकडे बघा, मग तांडेलकाकांना विचारा आणि मगच दोरा हातात घ्या. तोवर 'झाईत काही मिळत नाही' असं म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.