सोमवारी कोण येणार?

परवा भाचीचा फोन आला. सुट्टीत तिला कंबोडियाला जायचंय, सिएम रीपच्या एका अनाथाश्रमात, दोन आठवडे मुलांना इंग्रजी शिकवायला. मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "मावशी, तू गेली होतीस की!"

हो, गेले होते. म्हणूनच सांगतेय.

2009 ची गोष्ट. तेव्हा मी सिंगापूरला नोकरीला होते. ऑफिसातल्या आम्ही सहाजणी रजा टाकून गेलो. पहिले तीन दिवस मोठ्या उत्साहानं भिंत रंगवली, पिवळी सूर्यफुलं. आधीचा रंग खरवडताना निळे मासे निघाले, माशांखाली कुणाची तरी फुलपाखरं. आमच्या आधी आलेल्यांची. आम्ही हसलो आणि फोटो काढले.

फाटकातून आत शिरताच मुलं गळ्यात पडली होती. काय प्रेमळ पोरं, म्हणून माझे डोळे भरून आले. आता वाटतं, सात वर्षांचं मूल अनोळखी बाईच्या गळ्यात असं पडतं का हो? आपल्याकडचं पोर आधी आईच्या मागे लपतं. आठवडाभरानं एका मुलीनं मला विचारलं, "सोमवारी कोण येणार?" मी परत कधी येणार, हे नाही विचारलं.

आणि मग प्चुम बेन आला. हा त्यांचा पितृपक्षच म्हणा ना, पंधरा दिवस पूर्वजांना भात देतात, आणि येतो साधारण आपल्याच पितृपक्षाच्या सुमारास. त्या दिवशी सकाळी एक बाई केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन आली आणि फाटकाशीच उभी राहिली. माझ्या मांडीवरची तीच मुलगी उठून तिच्याकडे गेली. पळत नाही, हळूहळू. मी आमच्या दुभाष्याला विचारलं, ही कोण? तो सहज म्हणाला, "आई."

अनाथाश्रमात आई!

पुढे 2011 साली युनिसेफचा अहवाल वाचला. कंबोडियात 2005 साली अशा 153 संस्था होत्या, 2010 मध्ये 269. आणि त्यांतल्या जवळजवळ चारांतल्या तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात. म्हणजे अनाथ वाढले नव्हते, आमच्यासारखे पाहुणे आणि देणगीदार वाढले होते. गरीब आईला सांगायचं, इथे शाळा आहे, जेवण आहे, पोर ठेवून जा. तिनं तरी काय करावं?

माझं तिकीट आणि तिथली फी मिळून हजार डॉलरच्या वर गेले होते. चाळीस मुलांचा स्वयंपाक करणारी, तापात त्यांच्या उशाशी बसणारी बाई महिन्याला साठ डॉलरवर होती. आमच्या हातून कामाचं झालं ते एकच, पिण्याच्या पाण्याचे मातीचे फिल्टर. ते पैसे पाठवूनही झालं असतं.

"मग ज्यांना खरंच कोणी नाही त्यांचं काय?" भाचीनं विचारलं. बरोबर आहे. पण त्यांना तर रोज तेच माणूस हवं. सकाळी उठवणारं आणि रात्री निजवणारं तेच. दर पंधरवड्याला नवी मावशी नको. वर्षभर राहून, भाषा शिकून तिथल्या बायकांच्या हाताखाली काम करणार असलीस तर बोलू. नाहीतर तेच पैसे पोरांना घरी ठेवून शाळेत पाठवायला मदत करणाऱ्यांना दे. आणि अंगकोर बघायला खुशाल जा गं! तिथल्या माणसांच्या खानावळीत जेव, त्यांच्याच टुकटुकनं फिर. त्यांच्याही घरी पोरं आहेतच.

तिला पटलंय असं वाटत नाही. फोन जरा लवकरच ठेवला तिनं.

त्या मुलीचा माझ्या मांडीवरचा फोटो साताऱ्याला आईच्या शोकेसमध्ये अजून आहे. आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवते, "बिचारीला कोणी नाही हो." या दिवाळीला गेले की तिलाही सांगायचंय.