आधी विचारावे

नवरात्रात कळसूबाईला गेलेल्यांना शिड्यांपाशी होणारी रेटारेटी ठाऊक असेल. १६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. अंबडहून घोटीमार्गे बारी गाव गाठावे आणि चढू लागावे. वाट सर्वांचीच; पण लोखंडी शिडीवर पुढे माझ्या आईसारखी लुगड्यातली बाई असली, की मागची तरणीताठी टोळी ओरडू लागते, "चला, चला, आटपा!" देवीचे देऊळ काही पळून जात नसते.

डिस्क गोल्फ नावाचा एक परदेशी खेळ आहे. चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. तेथे रेंगाळणाऱ्या गटाने कडेला थांबून मागच्या चपळ गटाला वाट द्यावी, असा शिष्टाचार आहे. त्यातले मला पटले ते हे, की बोलावणे पुढच्यांनी करायचे. मागच्यांनी फार तर विचारावे. तोवर चकती फेकू नये, नाहीतर ती कुणाच्या तरी डोक्यात बसायची!

शिडीवर कुणी कुणाला ओलांडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिडी संपल्यावर पुढच्यांनी डोंगराच्या अंगाला सरावे, दरीच्या नव्हे, आणि मागची टोळी एकदम जाऊ द्यावी. ऐन वाटेत भेळेची पुडी सोडून बसणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण माझी आई आपणहून बाजूला होते. बसमध्ये होते, रेशनच्या रांगेतही होते. तिला कुणी "मावशी, पुढे जाऊ का?" असे विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही.