आधी तशखीस, मग इलाज

मे महिना म्हणजे लग्नसराई, शाळेच्या सुट्ट्या आणि गावाकडच्या फेऱ्या. नेमक्या याच महिन्यात गाडीचा एसी रुसतो. मागच्या सीटवर दादीजान पदराने वारा घेत बसतात, लहान मुले घामाने चिंब होतात. गॅरेजमध्ये गेलो की पहिले वाक्य ठरलेले: "गॅस संपलाय, भरून टाकू." गॅस भरला जातो, दीड-दोन हजार रुपये जातात, पंधरा दिवस बरे वाटते आणि पुन्हा गरम वारा सुरू.

उर्दूत 'तशखीस' असा एक शब्द आहे. मराठीत आपण त्याला निदान म्हणतो. जुने हकीमसाहेब आधी नब्ज पाहत, जीभ पाहत, काय खाल्ले ते विचारत आणि मगच नुस्खा लिहीत. मर्ज न ओळखता दिलेली दवा खिशालाही जड जाते आणि जिवालाही. गाडीच्या एसीचेही तसेच आहे. नब्ज कुठे पाहायची हे कळले, तर दुरुस्ती मेकॅनिकनेच करायची असली तरी निम्मे निदान घरच्या घरी होते.

आधी यंत्र समजून घेऊ. हातावर स्पिरिट लावले की ते उडताना कातडीला गारवा लागतो. द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, एवढ्याच गोष्टीवर एसी चालतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे असलेल्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता बाहेर सोडून द्रव होतो. पुढे एका बारीक छिद्राच्या झडपेतून सुटताच त्याचा दाब एकदम कमी होतो आणि डॅशबोर्डच्या आत असलेल्या इव्हॅपोरेटरमध्ये तो उकळू लागतो. ती जाळी गार पडते, ब्लोअरचा पंखा तिच्यावरून हवा फेकतो आणि तीच हवा आपल्या तोंडावर येते. गॅस परत कॉम्प्रेसरकडे जातो.

म्हणजे हे बंद वर्तुळ आहे. पेट्रोलसारखा हा गॅस जळत नाही, खर्चही होत नाही. वर्षानुवर्षांत रबरी नळ्यांतून थोडासा झिरपतो, ते वेगळे. पण एका उन्हाळ्यात गॅस 'संपला' तर तो कुठून तरी गळला आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे.

आता तपासणी. वहीत चार प्रश्न लिहा आणि उत्तरे टिपून ठेवा.

पहिला प्रश्न: वारा पुरेसा येतो का? थंडी आणि वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाराच कमी असेल तर गॅसचा दोष असेलच असे नाही. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे केबिन फिल्टर असतो. धूळ, सुकी पाने आणि केस यांनी तो गच्च भरला की वारा अडतो. तो काढून पाहणे दहा मिनिटांचे काम आहे आणि नवा फिल्टर गॅसपेक्षा बराच स्वस्त पडतो. ब्लोअर एक, दोन, तीनवर चालत नाही, फक्त शेवटच्या वेगावर चालतो, असे असेल तर बहुधा त्याचा रेझिस्टर गेलेला असतो. सुरुवातीला छान थंड, अर्ध्या तासाने वारा कमी कमी होत बंद, आणि एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा ठीक, असे होत असेल तर इव्हॅपोरेटरवर बर्फ जमत आहे. त्याचे कारण भरलेला फिल्टर, बिघडलेला तापमानाचा सेन्सर किंवा कमी गॅस यांपैकी एक असू शकते.

दुसरा प्रश्न: वारा भरपूर आहे, पण कॉम्प्रेसर चालतो का? गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. एसीचे बटण दाबल्यावर पुष्कळ गाड्यांत 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. हा कॉम्प्रेसरचा क्लच. काही नव्या गाड्यांत तो नसतो, तेथे ही खूण लागू पडत नाही. टक् आला नाही म्हणून कॉम्प्रेसर मेला असे समजू नका. फ्यूज, रिले, वायर किंवा प्रेशर स्विच यांपैकी काहीही कारण असू शकते. गॅस फारच कमी झाला तर हा स्विच मुद्दाम कॉम्प्रेसर बंद ठेवतो. काही रुपयांच्या फ्यूजसाठी हजारोंचा कॉम्प्रेसर बदलायला कोणी सांगितले, तर आधी हे सगळे तपासून मागा.

बॉनेट उघडून पाहताना ओढणी, स्कार्फ, सैल बाही पट्ट्यापासून आणि पंख्यापासून दूर ठेवा. पंखा केव्हाही आपोआप फिरू लागतो. नळ्यांना हात लावू नका, त्यातली एक चटका बसेल इतकी तापते. नुसते पाहा. केबिनकडून येणाऱ्या जाड नळीवर दव साचले असेल तर गॅस आपले काम करतो आहे. नळी गार आणि आत मात्र गरम वारा, असे असेल तर दोष डॅशबोर्डच्या आत आहे. थंड-गरम हवा मिसळणारी झडप अडकली असेल. एका जाळीतून थंड आणि दुसऱ्यातून गरम हवा येते, त्यामागेही काही गाड्यांत हेच कारण असते. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी रंगाच्या जाड वायरी असतात. त्यांत जीवघेणा वीजदाब असतो. तेथे घरगुती तपासणी नकोच.

तिसरा प्रश्न: केव्हा थंड आणि केव्हा गरम? हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. गाडी हायवेवर पळताना थंड आणि सिग्नलला उभी राहिली की गरम, असे होत असेल तर समोरच्या जाळीला वारा मिळत नाही. धावताना तो वारा रस्ता देतो, उभे असताना पंख्याने द्यायचा असतो. म्हणून पंखा फिरतो का ते पाहा. जाळीत चिखल, किडे, पाने अडकली असतील तर ती हलक्या पाण्याने धुऊन घ्या. जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे दुमडतात. सोबत इंजिनाच्या तापमानाचा काटाही चढत असेल तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

आमच्या शाळेतील एका सहकारी बाईंच्या सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. येताना ते थकून गेलेले असतात, भर दुपारी सिग्नलवर गाडी तापली की जीव घाबरतो. एका उन्हाळ्यात एका गॅरेजने त्यांच्या गाडीत दोनदा गॅस भरला. मूळ दोष निघाला पंख्याच्या रिलेमध्ये. "चालताना थंड, थांबली की गरम" हे त्या दोन्ही वेळा सांगत होत्या. ऐकणाऱ्याने ते ऐकले नाही आणि आपण सांगतो ते महत्त्वाचे आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. म्हणून म्हणते, लक्षण लिहून न्या आणि ठामपणे सांगा.

चौथा प्रश्न: पाणी आणि वास. गाडीखाली थेंब थेंब पडणारे स्वच्छ पाणी हा दोष नव्हे. हवेतला दमटपणा गार जाळीवर साचून बाहेर पडतो. तेच पाणी पायाखालच्या मॅटवर आले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. कुबट वास येत असेल तर ओल्या जाळीवर बुरशी धरली आहे. घर जवळ आले की शेवटची चार-पाच मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायची सवय लावा, जाळी कोरडी होते. गोडसर वास, काचेवर चिकट धुके आणि कूलंट कमी होणे ही तीन लक्षणे एकत्र दिसली तर हीटरची जाळी गळत असण्याची शक्यता असते. त्यात दिरंगाई करू नका.

एवढे करून गॅसच कमी आहे असे ठरले, तर गॅरेजमध्ये काय मागायचे? प्रथम गेज लावून दोन्ही बाजूंचे दाब दाखवायला सांगा. दोन्ही कमी असतील तर बहुधा गॅस कमी आहे. मग गळती शोधा. गॅसबरोबर तेलही फिरते, म्हणून गळतीच्या जागी तेलकट डाग आणि त्यावर धूळ दिसते. नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचे पाणी लावून किंवा डिटेक्टरने ती पक्की करता येते. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप साधारण अर्धा तास तरी चालला पाहिजे, म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाते. त्यानंतर गॅस वजनावर भरायचा. कोणता गॅस आणि किती ग्रॅम हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. जास्त भरला तर थंडी वाढत नाही, उलट दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो. 'अंदाजे' भरणाऱ्याला नम्रपणे काटा वापरायला सांगा. माप पुरेपूर असावे ही ताकीद आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेली आहे, ती घेणाऱ्यानेही मागून घ्यावी.

बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. त्याच्या आधीचा आर-१२ ओझोनचा थर बिघडवत असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट उष्णता अडवतो. म्हणून तो हवेत सोडू नये, यंत्राने काढून घ्यावा. स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा जळणारा वायू कोणी भरत असेल तर गाडी तेथून काढून घ्या.

एक गोष्ट एसी चालू असो वा बंद, कायम लक्षात ठेवा. उन्हात उभ्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच पारा सुमारे दहा अंशांनी चढतो. "दोन मिनिटांत आले" म्हणून मुलाला किंवा आजारी माणसाला आत ठेवू नका. एसी चालू ठेवूनही नाही, कारण तो केव्हाही बंद पडू शकतो. बंदिस्त गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे तर विषारी धुरामुळे जिवावर बेतते.

रविवारी सकाळी ऊन चढण्याआधी मुलांना घेऊन बॉनेट उघडा. मुलींनाही बोलवा. फिल्टर काढून दाखवा, 'टक्' ऐकवा, जाळीवरची पाने काढायला लावा. उद्या त्याच मुली गॅरेजमध्ये उभ्या राहून विचारतील, "काका, आधी गळती कुठे आहे ते दाखवा, गॅसचे मग पाहू."