नळी फाटली म्हणून मशिन माळ्यावर?

शेतावरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह गेला, तर आमच्याकडचा माणूस त्याच दिवशी नसरापूर गाठतो. तिथं नाही मिळाला तर भोर, नाहीतर सरळ पुणं. संध्याकाळपर्यंत पाणी सुरू होतं, आणि ते व्हायलाच हवं. उभं पीक काही थांबत नाही. पण मिक्सरचं कपलर तुटलं, कुकरची रिंग सैल झाली किंवा व्हॅक्यूम क्लीनरची नळी चिरली, की उत्तर ठरलेलं असतं : 'बघू, पुढच्या वेळी पुण्याला गेलो की.' ती पुढची वेळ दिवाळीशिवाय काही येत नाही.

बचत गटाच्या कामामुळे मार्गासनी आणि आसपासच्या गावांत माझं घरोघरी जाणं असतं. आता व्हॅक्यूम क्लीनर आमच्याकडेही दिसायला लागलेत. नवेकोरे थोडेच, बहुतेक पुण्याच्या नणंदेनं नाहीतर जावेनं फ्लॅट बदलताना दिलेले. मोटार ठणठणीत, पण नळीला चीर. मग ते मशिन जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर जातं आणि हातात पुन्हा केरसुणी.

कुणी म्हणेल, खेड्यात हवीत कशाला असली चैनीची यंत्रं? जरा भाताच्या झोडणीच्या दिवसांत येऊन बघा. तूस, भुसा, वर राजगडाकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ. केरसुणीनं झाडलं की निम्मी धूळ हवेत उडते आणि झाडणारीच्या नाकातोंडात जाते. घरात दमा असला तरी झाडायचं काम काही दुसऱ्याकडे जात नाही.

गंमत अशी, की हे यंत्र घरगुती वापरायोग्य करणारा माणूसही झाडलोट करणाराच होता. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट बूथ यांनी केलेलं यंत्र इतकं मोठं होतं, की ते घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभं करायचे आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडायचे. पुढे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स स्पँग्लर नावाचा दुकानातला झाडूवाला धुळीनं आणि दम्यानं बेजार झाला. त्यानं १९०७ साली घरात मावेल असं यंत्र जुळवलं आणि १९०८ साली पेटंट घेतलं. तेच पुढे हूवर कंपनीकडे गेलं. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते शहरांत दारोदार जाऊन गालिचा साफ करून दाखवू लागले. म्हणजे हे यंत्र मुळात दम्यानं गांजलेल्या माणसानं स्वतःच्या सोयीसाठी केलेलं. त्याला चैन कसं म्हणायचं?

आमच्या गटातल्या एक ताई शिवणकाम करतात. कापडाच्या बारीक तंतूंनी खोली भरून जाते आणि त्यांना खोकल्याची उबळ येते. त्यांच्या जुन्या मशिनची नळी फाटली. सेवा केंद्रात फोन केला तर, 'ते मॉडेल बंद झालं, नवीनच घ्या, जुन्यावर सूट देऊ.' घरचे म्हणाले, सेल लागल्यावर बघू. त्यांनी गटाकडे ७०० रुपये मागितले तेव्हा दोघीतिघी चक्क हसल्या. नळीसाठी कुणी कर्ज काढतं का? मी म्हटलं, शेळीच्या औषधाला देतो, मग बाईच्या दम्याला का नाही? पैसे दिले. नळी मिळाली, मशिन सुरू झालं आणि तीन हप्त्यांत पैसे परतही आले.

नळी मिळाली ती मापं घेऊन गेल्यामुळे. आपण दुकानात जाऊन 'ती करडी नळी द्या' म्हणतो, दुकानदार चार प्रश्न विचारतो आणि आपण गप्प होतो. म्हणून मैत्रिणींनो, थोडं सविस्तर सांगते.

आधी दोष नळीचाच आहे ना, ते पाहा. नळी काढून मशिन सुरू करा आणि नळी बसते त्या तोंडावर तळहात धरा. ओढ जोरात असेल तर मशिन ठीक आहे. ओढच कमी असेल तर पिशवी भरलेली आहे किंवा फिल्टर तुंबलाय, नळी बदलून काही उपयोग नाही. मग नळीत वरून एक रुपयाचं नाणं सोडा. खाली पडलं नाही तर आत काहीतरी अडकलंय. अंधारात नळीत बॅटरी धरली की जिथं चीर असेल तिथून उजेड दिसतो.

चीर बहुतेक वेळा टोकापाशी पडते, कारण तिथंच नळी सारखी वाकते. अशा वेळी नवी नळी घ्यायचीसुद्धा गरज नसते. पुष्कळ नळ्यांची टोकं आट्यांवर बसवलेली असतात. टोक फिरवून काढायचं, फाटलेला तीन-चार इंचांचा भाग कापायचा, नळी कोमट पाण्यात धरून मऊ करायची आणि टोक पुन्हा फिरवून बसवायचं. टोक चिकटवलेलं असेल तर मात्र ओढाताण करू नका. आणि मुठीवर बटण असलेल्या नळीतून विजेची तार जाते, तिला घरी कात्री लावायचीच नाही.

चीर मध्यावर असेल तर नवी नळी. मशिनच्या खालच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या. नळीचा आतला आणि बाहेरचा व्यास शिवणाच्या टेपनं मिलिमीटरमध्ये मोजा. घरगुती मशिनला ३२ आणि ३५ मिलिमीटर ही मापं नेहमी आढळतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण एकाची दुसऱ्याला बसत नाही. मशिनकडचं टोक खटका दाबून बसतं की फिरवून, ते पाहा. सगळ्यात उत्तम म्हणजे दोन्ही जुनी टोकं पिशवीत घालून घेऊनच जा. पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. तिथं टोकं दाखवून विचारता येतं. लांब नळी मिळते म्हणून हुरळू नका, लांबी वाढली की ओढ कमी होते. बारीक नळीचंही तसंच. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं मशिन असेल तर तसं आधी सांगा.

एवढं केलं तर काही हजारांचं मशिन काही शेकड्यांत वाचतं. पण सगळा भार बाईच्या हुशारीवर का टाकायचा? नळी आधी जाणार, हे कंपनीला माहीत नसतं का? युरोपात १ सप्टेंबर २०१७पासून नियमच आहे, की नळी ४० हजार वेळा वाकवली तरी वापरण्याजोगी राहिली पाहिजे आणि मोटार किमान ५०० तास चालली पाहिजे. तिथं २०२१पासून वॉशिंग मशिनचे महत्त्वाचे सुटे भाग किमान १० वर्षं मिळालेच पाहिजेत, असाही नियम आला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केलं. हे चांगलंच झालं. पण मला वाटतं, वस्तू विकतानाच सुटे भाग किती वर्षं मिळतील ते खोक्यावर ठळक छापायला लावावं. औषधावर तारीख असते, तशी. मग निदान घेताना तरी कळेल.

तोवर आपल्या हातात काय? घेताना दुकानदाराला विचारायचं : नळी, पिशवी, फिल्टर किती वर्षं मिळेल? उत्तर बिलावर लिहून मागायचं. अडवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फिरवायचा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करायची सोय दिली आहे. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची.

ग्राहक पंचायतीचं काम १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी आपल्या पुण्यातच सुरू केलं. त्या पुण्यापासून आपण एका एसटीच्या अंतरावर आहोत. तेव्हा या रविवारी माळ्यावर चढा, साडीत गुंडाळलेलं ते मशिन खाली काढा आणि नळीत एक रुपयाचं नाणं सोडून बघा. पंपाला जो न्याय, तोच आपल्या मशिनला लागू व्हायला हवा. आणि तो मागायला आपणच सुरुवात करायला हवी.