जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

आमच्या धर्मग्रामांत एक शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे जीर्णोद्धार. जे जीर्ण झाले त्याला हात देऊन पुन्हा उभे करणे, हा त्याचा सरळ अर्थ. परंतु आज ज्या चर्चचा जीर्णोद्धार जाहीर होतो, त्याच्या दारात आठवडाभरात जेसीबी येऊन उभा राहतो. पाडणे यालाच जर उद्धार म्हणायचे, तर संहार कशाला म्हणावे?

दिघीहून फेरीबोटीने अगरदांड्याला उतरून मुरूडमार्गे उत्तरेला निघाले की कोर्लई लागते आणि साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा. रेवदंड्याच्या तटाआड, माडांच्या वाड्यांतून, जुन्या चौलच्या भव्य चर्चचे अवशेष उभे आहेत. फ्रान्सिस्कन संघाच्या चर्चचा उंच मनोरा तेवढा दुरून दिसतो. 1740 मध्ये चौल आणि कोर्लईचा किल्ला मराठ्यांकडे गेला. सत्ता गेली, तिच्याबरोबर संन्यासी संघही गेले. मागे राहिली ती कोर्लईच्या डोंगराखालची गरीब ख्रिस्ती माणसे. त्यांनी कार्मेल मातेचे आपले चर्च जागते ठेवले आणि आपली पोर्तुगीज वळणाची बोलीही आजवर टिकवली.

यावर कोणी म्हणेल, "फादर, म्हणजे माणसे महत्त्वाची, दगड नव्हेत. मग जुने पाडायला हरकत काय?" हरकत आहे. भिंती माणसांच्या हातांनी उभ्या राहतात आणि हात थांबले की पडतात, हा त्या अवशेषांचा धडा आहे. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनच्या चर्चला कोणी तोफ लावली नव्हती. 1835 मध्ये संन्याशांना ते सोडावे लागले. 1842 मध्ये छताची कमान कोसळली आणि 1931 मध्ये दर्शनी भागही ढासळला. सात वर्षांची उपेक्षा छताला पुरली.

नव्या इमारतीचा आग्रह धरणारी मंडळी आपलीच आहेत आणि त्यांची अडचण खरी आहे. सणाच्या मिस्सेला निम्मी माणसे अंगणात उभी असतात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कौले पाचोळ्यासारखी उडाली. ज्याने ती दुपार पाहिली, त्याने स्लॅब मागितला तर त्याला अडाणी म्हणण्याचा मला अधिकार नाही. शिवाय बदल हे काही पाप नव्हे. आपण ज्यांना जुनी म्हणतो ती मंगलोरी कौले 1865 मध्ये मंगळूरला बाझेल मिशनच्या प्रॉटेस्टंट बांधवांनी करायला घेतली. आपल्या छपरांवर तीही सुधारणा म्हणूनच चढली. व्हॅटिकन परिषदेनंतर वेदीही लोकांच्या जवळ आली, आणि ते योग्यच झाले.

माझे भांडण बदलाशी नाही, न पाहता केलेल्या बदलाशी आहे. जुनी भिंत चुन्याची असते. ती पावसाळ्यात ओल घेते आणि उन्हाळ्यात सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल आतच कोंडते, क्षार फुटतात, दगड पोखरतो. उलट चूकही तितकीच महाग पडते. बॉम जेझूस बॅसिलिकेचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला. आज लोक त्या उघड्या तांबड्या जांभ्याची छायाचित्रे काढतात. तो सच्छिद्र दगड मात्र दर पावसाळ्यात झिजतो आहे.

हे मी अनुभवाने सांगतो. तरुण धर्मगुरू असताना एका लहान चर्चच्या भिंतींवर मीच हौसेने सिमेंट चढवले आणि जुन्या फरशीवर चकचकीत लाद्या बसवल्या. उद्‌घाटनाला टाळ्या पडल्या. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतींना फुगे आले. तोवर माझी बदली झाली होती आणि खर्च लोकांच्या माथी पडला. आम्हा धर्मगुरूंचा हाच दोष आहे. आम्ही काही वर्षांसाठी येतो, पण प्रत्येकाला आपली एक खूण मागे ठेवायची असते. एकाचा पोर्च, दुसऱ्याचा ग्रोटो, तिसऱ्याचा संगमरवर. गळकी पन्हळ दुरुस्त करणाऱ्याच्या नावाची पाटी कोणी लावत नाही.

रोमने याविषयी मौन पाळलेले नाही. उपासनाविधीच्या सुधारणेचे निमित्त करून मंदिरांत वाटेल ते बदल होत असल्याची खंत 1971 च्या परिपत्रकात स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. बांधकामात आणि दुरुस्तीत जाणकारांचा सल्ला घ्यावा, असे कॅनन लॉचे 1216 वे कलम बजावते. ठेकेदार हा सल्लागार नव्हे. जितके अधिक पाडाल, तितके त्याचे बिल वाढते.

म्हणून प्रत्येक पॅरिश कौन्सिलपुढे माझ्या चार मागण्या आहेत. पाडण्याचा ठराव एका सभेत करू नये. मध्ये एक पावसाळा जाऊ द्यावा. जुन्या बांधकामाची माहिती असणाऱ्या वास्तुतज्ज्ञाला इमारत दाखवावी. जागा अपुरी पडत असेल तर आधी मंडप किंवा बाजूची पडवी वाढवून पाहावी. आणि कोणत्या वर्षी काय बदलले, का बदलले, किती खर्च आला, याची एक वही धर्मग्रामाच्या कपाटात ठेवावी. एवढे करूनही इमारत धोकादायक ठरली, तर सन्मानाने उतरवा. पहिली कुदळ मी मारीन.

पूर्वी मिरगाआधी कौले चाळायला सारा गाव जमायचा. कोणी शिडी धरी, कोणी चहा करी, वर्षभराचे अबोले त्या छपरावर सुटत. स्लॅबने ही कटकट संपवली. तिच्याबरोबर ते जमणेही संपवले. असिसीच्या फ्रान्सिसला सान दामियानोच्या क्रुसावरून हाक आली ती मंदिर दुरुस्त करण्याची. त्याने देणगीदार शोधले नाहीत. दगड मागून आणले आणि खांद्यावर वाहिले. आपल्या चर्चला आज स्लॅबपेक्षा असे खांदे अधिक हवे आहेत.