तीन ओळींचा अभिप्राय आणि मेहकरची ‘शीळ’

नव्या रॉक अल्बमांवर तीन-चार ओळींत मत देऊन मोकळे होण्याची रीत जुनी आहे. रॉबर्ट ख्रिस्टगाऊ यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॉइस’ साप्ताहिकात अल्बमांना परीक्षेसारख्या श्रेणी द्यायला सुरुवात केली. १९९६ मध्ये सुरू झालेले ‘पिचफोर्क’ तर दशांशांत गुण देऊ लागले. आपल्याकडे स्वतंत्र बँडांविषयी जे लिहिले जाते त्याचे वळणही बहुधा हेच असते. ह्या अभिप्रायांच्या आखूडपणाविषयी माझी तक्रार नाही. जाणता समीक्षक तीन ओळींतही कृतीच्या गाभ्याला हात घालतो. तक्रार आहे ती ह्याची, की गिटारचा पोत, ध्वनिमुद्रणाची सफाई आणि कोणत्या विलायती बँडची छाप आहे एवढे सांगून झाल्यावर शब्दांसाठी जागाच उरत नाही.

ही उणीव किती महागात पडू शकते ते बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला तरी वेगळे सांगायला नको. मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि १९३२ च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका निघाली. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ चाच. रंगभूमी आणि बोलपट ह्या दोन्हींच्या आश्रयाबाहेर, तबकडीच्या एका बाजूच्या जेमतेम तीन मिनिटांत उभे राहिलेले हे गाणे आजच्या अर्थाने ‘स्वतंत्र’च होते. देशपांड्यांचा ‘शीळ’ हा संग्रह मात्र आला १९५४ मध्ये. म्हणजे कविता कानांवर पडल्यानंतर सुमारे बावीस वर्षांनी कवीचे पुस्तक हाती आले. ध्वनिमुद्रिका निघाली त्या आठवड्यात कोणी केवळ आवाजाला आणि चालीला गुण देऊन थांबला असता, तर पुढे ‘खूणगाठी’साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळवणारा कवी त्याच्या समोरून निघून गेला असता.

ह्यावर आक्षेप येईल की रॉकमध्ये शब्द दुय्यमच असतात. ‘इंडियन ओशन’च्या २००० मधल्या ‘कंदिसा’ अल्बमचे शीर्षकगीत सिरियन ख्रिस्ती प्रार्थनेवर बेतलेले आहे. तिची भाषा आपल्यापैकी जवळजवळ कोणालाच येत नाही, तरी गाणे भिडते. आक्षेप खरा आहे. पण तिथेही स्वरांची लांबी आणि अक्षरांचे वजनच काम करते. अर्थ बाजूला ठेवला तरी भाषा बाजूला ठेवता येत नाही.

आता ‘अभंग रिपोस्ट’सारखा मुंबईचा बँड संतांचे अभंग इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमसह गातो, तेव्हा साहित्याच्या विद्यार्थ्याने काय ऐकावे? मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते आणि चौथा चरण आखूड पडून विसावतो. रॉकचा ठेका बहुधा चार समान मात्रांचा. ह्या ठेक्यात तो आखूड चरण ताणला जातो, की त्यामागची रिकामी जागा शिल्लक राहते? ती जागा गिटारने भरली, तर अभंगाचे काही नवे झाले की नुसतीच सजावट झाली? ह्या प्रश्नांची उत्तरे तीन ओळींत मावतात. मात्र छंद शिकलेलाच माणूस ती देऊ शकतो.

म्हणून हे काम संगीताच्या हौशी जाणकारांवर सोडून मराठीच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी अंग चोरू नये. आज मराठीत एखादा नवा ‘शीळ’कार असेल, तर त्याचा संग्रह ग्रंथालयात येईपर्यंत वाट पाहणे परवडणार नाही. त्याची कविता कदाचित एखाद्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये, ड्रमच्या आवाजामागे आजच गायिली जात असेल. अभिप्राय तीन ओळींचाच असू द्या; त्यांतली एक शब्दांसाठी राखून ठेवा.